हॅम्बर्गच्या हिवाळ्यासाठी पुरुषांचा गरम ओव्हरकोट कोणता घ्यावा? इथून न्यावा की तिथे घ्यावा?

दादा, तुम्ही लिहिलंय की तुम्ही गुहागरचे, जानेवारीत नोकरीसाठी हॅम्बर्गला जाताय, आजवर स्वेटरच्या पुढे कधी गरजच पडली नाही आणि आता ऑफिसलाही चालेल असा एकच चांगला कोट घ्यायचाय. मी दाभोळकडचा, बरीच वर्षं बोटीवर होतो, हॅम्बर्ग, रॉटरडॅम ही बंदरं भर हिवाळ्यात पाहिलीत, म्हणून लिहितो. आधी उत्तर सांगून टाकतो, गुडघ्यापर्यंत येणारा जाड लोकरीचा कोट घ्या, लोकर निदान ७०-८० टक्के हवी, आत स्वेटर घालून बटणं आरामात लागली पाहिजेत, आणि तो इथून नेऊ नका, तिथे घ्या.

आता कारणं. हॅम्बर्गचा जानेवारी आकड्यात बघितला तर फार भयंकर वाटत नाही, शून्य ते चार अंश असं काहीतरी दिसतं, मध्येच एखादा आठवडा उणे आठ-दहापर्यंत जातो. आपल्याकडे पौषात पहाटे पारा १८ वर आला तरी लोक कानटोपी घालून आगटीपाशी बसतात, तेव्हा शून्य म्हणजे काय हे इथे बसून कळणारच नाही, पण खरा त्रास आकड्याचा नसतो, वाऱ्याचा आणि ओलीचा असतो. शहर एल्बे नदीवर आहे, समुद्र शंभरेक किलोमीटर लांब असला तरी वारा थेट आत येतो, आणि शून्य अंशाला ताशी ३० किलोमीटरचा वारा असला की उघड्या अंगाला ते उणे सहा-सातसारखं लागतं. वर बारीक पाऊस, धड पाऊसही नाही आणि धुकंही नाही असं काहीतरी दिवसभर चालू, सव्वाचारच्या सुमारास सूर्य मावळलेला. दमटपणा आपल्याला नवीन नाही, पण थंड दमटपणा ही वेगळीच गोष्ट आहे, तो कपड्यात शिरून बसतो.

म्हणूनच मी लोकर म्हणतो. लोकरीचा धागा स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ ३० टक्के ओल पिऊन घेतो तरी हाताला ओला लागत नाही आणि ऊबही बरीच टिकवतो. पिसांचं जॅकेट, ज्याला डाऊन म्हणतात, ते वजनाला हलकं आणि कोरड्या थंडीत त्याला तोड नाही, कॅनडात किंवा फिनलंडला जात असतात तर मी तेच घ्या म्हटलं असतं, ६००-७०० फिल पॉवरचं, म्हणजे पिसं किती फुलतात त्याचं माप, पण पिसं भिजली की त्यांचा गोळा होतो आणि ऊब गेली. हॅम्बर्गच्या भुरभुर पावसात वरचं कापड चांगलं असेल तरच ते टिकतं. शिवाय तिथे घरं, ऑफिसं, ट्रेन सगळं आतून गरम केलेलं असतं, वीस अंशांच्या वर, बाहेरून आत आलं की पाच मिनिटांत घाम फुटतो, त्यामुळे पटकन काढून खुंटीला अडकवता येईल असा कोट लागतो आणि आतले कपडे बेताचे. मानेमागे आतून अडकवायची साखळी किंवा पट्टी मजबूत आहे का तेवढं ओढून बघा, जड कोटाची तीच पहिली तुटते.

कापड कसं ओळखायचं ते सांगतो कारण सगळा घोळ इथेच होतो. दुकानात बाहेरून सगळे कोट सारखेच दिसतात, पण आतल्या शिवणीतलं लेबल काढून वाचलं की कळतं, कितीतरी कोटांत पॉलिस्टर ७० टक्के आणि लोकर नावाला २०. असा कोट दिसायला झकास, पण वारा आरपार जातो आणि दुसऱ्या वर्षी काखेत, खिशापाशी गोळे धरायला लागतात. १५-२० टक्के नायलॉन असेल तर घाबरू नका, ते मजबुतीसाठी घालतात. जर्मन लेबलवर 'शूरवोले' असेल तर ती नवी लोकर, रीसायकल केलेल्या लोकरीचे धागे आखूड असतात म्हणून ती लवकर विरते. मग कापडाचं वजन, सुटाचं कापड २५०-३०० ग्रॅम प्रति चौरस मीटर असतं, ओव्हरकोटाचं निदान ५०० हवं, ६००-७०० असेल तर उत्तम, पण हा आकडा लेबलवर लिहिलेला नसतो म्हणून कोट हातात धरून बघा, मोठ्या माणसाचा गुडघ्याएवढा खरा लोकरीचा कोट दोन किलोच्या आसपास भरतो. आणखी एक, कापड ओठाला लावून जोरात फुंकर मारा, पलीकडे हाताला हवा लागली तर तो कोट एल्बेच्या काठावर उपयोगाचा नाही. मेल्टन नावाचं कापड मिळालं तर डोळे मिटून घ्या, ते विणून झाल्यावर पाण्यात आटवून घट्ट केलेलं असतं, वीण दिसतच नाही, वाऱ्याला बरोब्बर अडवतं. काश्मिरी लोकर मऊ असते, पण महाग आणि नाजूक, रोज बसमध्ये बॅग खांद्याला लावून जाणाऱ्याने त्यात पैसे घालू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

लांबीवर तडजोड करू नका. पीकोट म्हणून जो आखूड प्रकार मिळतो तो मूळचा खलाशांचा, शिडी चढायला पाय मोकळे हवेत म्हणून कमरेखाली संपतो, पण तुम्हाला शिडी चढायची नाही, बसस्टॉपवर उभं राहायचंय आणि तिथे मांड्या गारठतात. छातीवर दोन पदर येणारा, म्हणजे डबल ब्रेस्टेड, सिंगलपेक्षा गरम कारण छातीवर कापड दुप्पट येतं. कॉलर उभी करून बटण लागतं का बघा. कोटालाच जोडलेली टोपी हवी असेल तर डफल कोट हा फार चांगला प्रकार आहे, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलाचे लोक डेकवर हाच घालायचे, त्याला बटणांऐवजी लाकडी खुट्ट्या असतात त्या हातमोज्यांसकट लावता येतात. पण तुमचं ऑफिस कडक कपड्यांचं असेल तर साधा गडद निळा किंवा राखाडी ओव्हरकोटच बरा.

फिटिंगच्या बाबतीत आपली सवय आड येते, आपण शर्ट अंगाबरोबर घेतो. ऊब कोट देत नाही, आत अडकलेली हवा देते, आईच्या जुन्या लुगड्यांच्या गोधडीत जशी थरांमधली हवाच गरम ठेवते तसंच. घट्ट कोटात हवेला जागाच नाही. म्हणून दुकानात जाताना जाड स्वेटर घालूनच जा, त्यावर कोट चढवा, बटणं लावून हात पुढे घ्या जसं काही गाडीचं स्टिअरिंग धरलंय, पाठीत ओढ बसली तर एक साइज वर घ्या. खांद्याची शिवण खांद्याच्या टोकावर किंवा वाईच पुढे, बाही अंगठ्याच्या मुळापर्यंत. जर्मन साइज ५० म्हणजे आपली ४० इंच छाती, त्यांच्या आकड्यातून दहा वजा करायचे की झालं. बाही आखूड-लांब करता येते, कोटाचे खांदे मात्र कुठलाही टेलर नीट करून देत नाही, ते आधीच बरोबर हवेत.

इथून का नको, तर चिपळूण-रत्नागिरीत तेवढ्या जाड कापडाचे कोट कोण ठेवणार, मुंबईत मिळतात पण निवड कमी आणि बरेचसे लग्नात मिरवायला केलेले असतात. तिथे नाताळ झाला की सेल लागतात, दीडशे-दोनशे युरोत चांगला लोकरीचा मिळायला हरकत नाही, आणि सेकंडहँड दुकानांत तर जुने जाड कोट फार सुंदर मिळतात, फक्त उजेडासमोर धरून कसरीची भोकं बघून घ्या, काखा आणि खिशाचं अस्तर तपासा. पहिल्या दोन दिवसांसाठी इथूनच एक फ्लीस, म्हणजे मऊ लवेच्या सिंथेटिक कापडाचं जॅकेट, वर वारा न शिरणारं जॅकेट, कानटोपी, हातमोजे आणि थर्मलचे दोन जोड घेऊन जा. आत सुती बनियन घालू नका, घाम पिऊन ओलं राहतं आणि मग तेच अंगाला गार लागतं.

घेतल्यावर मागच्या फटीवर फुलीसारखा दोरा मारलेला असतो तो कापायचा, बाहीवरचं लेबलही काढायचं, ते दोन्ही दुकानापुरतेच असतात. भिजला तर रुंद हँगरवर उघड्यावर वाळवा, हीटरवर टाकू नका.

आणि सुट्टीत घरी आणलात तर जपा हो, कारण आपल्या पावसाळ्यासारखा लोकरीचा शत्रू नाही. जूनपासून चार महिने कपाटात बुरशी आणि वर कसर, कसरीच्या अळ्या लोकरच खातात आणि घामाचे, तेलाचे डाग असले की आधी तिथे पोचतात, म्हणून न धुता ठेवायचा नाही. आधी पेट्रोल वॉश करून घ्या, पूर्ण हवा लागू द्या, मग सुती खोळीत घालून घट्ट झाकणाच्या पेटीत सिलिका जेलची पाकिटं टाकून ठेवा. डांबराच्या गोळ्या टाकणार असाल तर कापडाला न लागता पुरचुंडीत बांधून. ऑक्टोबरचं ऊन पडलं की दोन तास बाहेर काढा, ब्रशने झटका, खिसे उलटे करून बघा. खरं तर जमलं तर तो कोट तिथेच कुणाकडे ठेवून या, हा माझा आग्रहाचा सल्ला.

उंची, छाती आणि बजेट खाली लिहा, साइज आणि कुठला प्रकार घ्यायचा ते नेमकं सांगतो.