पोलिसांचा ‘मालक’ कोण?

दादरच्या एका वकीलबाई लंडनच्या एका खटल्याचं मराठी करत आहेत. अपंगत्वावरून भेदभाव झाल्याचा पोलीस कर्मचाऱ्याचा दावा आहे. ‘एम्प्लॉयर’ला ‘मालक’ म्हणावं की ‘नियोक्ता’, असं त्या विचारतात.

गिरण्यांच्या मुंबईत ‘मालक-कामगार’ ही जोडी घट्ट बसली, पण पोलीस आयुक्तांना कुठलाही हवालदार मालक म्हणणार नाही. ‘नियोक्ता’ मला भविष्यनिर्वाह निधीच्या फॉर्ममधलाच वाटतो. तरी इथे ‘मालक’ घ्या, आणि त्याच्या आधी ‘मानलेला’ लावा.

कारण इंग्लंडमध्ये पोलीस हा कायद्याने कुणाचा नोकरच नाही, तो पदधारक. भेदभावाविरुद्ध त्याला दाद मागता यावी म्हणून २०१० च्या समानता कायद्यातल्या कलम ४२ ने पोलीसप्रमुखाला त्याचा मालक मानलं. या खटल्यातल्या बाईंना ड्यूटीवर हल्ला झाल्यानंतर मानसिक आघाताचा विकार जडला. पुढे गैरवर्तनाबद्दल शिस्तभंग मंडळाने त्यांना बडतर्फ केलं. मंडळाचं काम न्यायदानासारखं, त्यामुळे त्याच्या निर्णयावर असा दावा चालत नाही, असं खालची न्यायालयं म्हणाली. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ते फिरवलं: मंडळाची कृती पोलीसप्रमुखाचीच मानायची. ‘मानलेला’ गाळलंत तर हा सगळा वाद कशासाठी झाला तेच वाचकाला कळणार नाही. आणि मथळ्यात ‘भेदभाव सिद्ध’ असं कृपा करून लिहू नका. फक्त दावा चालवायची वाट मोकळी झाली.

तळटीपेत भारतातली तुलना देणार असाल तर मात्र ‘मालक’ पूर्ण सोडा. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २० नोकरीतल्या भेदभावाची मनाई करतं ती शासकीय ‘आस्थापने’ला. मंत्रालयात हा शब्द इतका रुळलाय की शिपाईसुद्धा ‘आस्थापना शाखेत विचारा’ म्हणतो. शिक्षा देणारा तो ‘शिस्तभंगविषयक प्राधिकारी’. उच्चारायला जड, पण नियमांत तोच आहे. केंद्रीय राखीव पोलीस दलातल्या एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये याहून पुढचं पाऊल टाकलं. मानसिक अपंगत्व हे गैरवर्तनामागचं एक कारण असलं तरी पुरे, ते एकमेव असायची गरज नाही. अशा माणसावर शिस्तभंगाची कारवाई सुरू करणं हाच अप्रत्यक्ष भेदभाव ठरू शकतो.

‘बडतर्फ’ लंडनसाठी चालेल. आपल्याकडे जपून वापरा: राज्याच्या सेवानियमांत ‘सेवेतून काढून टाकणे’ ही वेगळी शिक्षा आहे, तिच्यानंतर पुन्हा सरकारी नोकरी मिळू शकते. बडतर्फीनंतर सहसा नाही.