जर्मनीत शिकायला गेलेली मुलं: कागद, स्वयंपाकघर आणि युरोपातली भटकंती

ऑक्टोबरच्या सत्रासाठी मुलं जर्मनीत पोहोचतात आणि घरून प्रश्न सुरू होतात: जेवतोस ना, थंडी सोसते ना? जेवणाचं आणि थंडीचं महिन्याभरात जमतं. पहिल्या सहा महिन्यांत मुलं अडकतात ती कागदांत आणि तारखांत, आणि एक कागद अडला की त्याच्यामागचे सगळे अडतात. म्हणून मुलांबरोबर घरच्यांनीही हे वाचावं. पालकांना क्रम माहीत असला की फोनवर नेमकं काय विचारायचं ते कळतं.

पहिलं काम पत्रपेटीचं. बँकेचा पिन, आरोग्य विम्याचं कार्ड, कर क्रमांक, व्हिसा कार्यालयाची तारीख यातलं बरंचसं जर्मनीत अजूनही टपालाने येतं, आणि पोस्टमन पेटीवर नाव दिसलं तरच पत्र टाकतो. नाव नसेल तर पत्र परत जातं. किल्ली मिळाली त्याच दिवशी पासपोर्टवरचं आडनाव ठळक अक्षरांत लिहून पेटीवर आणि दारावरच्या घंटीवर चिकटवा. दुसऱ्याच्या नावावरच्या घरात खोली घेतली असेल, तर पत्त्यात मूळ भाडेकरूचं नावही द्या. आपल्याकडे कुठे वडिलांचं नाव मधे असतं, तर कुठे आडनावाची जागाच कोरी असते. विद्यापीठ, बँक आणि विमा या तिन्ही ठिकाणी नाव पासपोर्टवर आहे तसंच, त्याच क्रमाने भरा.

ही बाब साधी वाटते, पण पुढची साखळी पाहा. पिन आला नाही तर चालू खातं वापरता येत नाही. व्हिसासाठी ब्लॉक्ड खात्यात ठेवलेले 11,904 युरो दरमहा 992 युरो असे चालू खात्यातच येतात, त्यामुळे तेही थांबतात आणि भाडं थकतं. म्हणून पहिल्या महिन्याचा खर्च आणि अनामत भागेल एवढी रक्कम फॉरेक्स कार्डावर वेगळी ठेवा. कायद्याने अनामत तीन महिन्यांच्या मूळ भाड्याहून जास्त घेता येत नाही, आणि भाडेकरूला ती तीन समान मासिक हप्त्यांत भरता येते. हे मुलांना माहीत नसतं, त्यामुळे एकदम सगळी रक्कम देऊन ती मोकळी होतात. खोली न पाहता आणि करार न करता पैसे मात्र कुणालाही पाठवू नयेत. ‘मी परदेशात आहे, किल्ली कुरिअरने पाठवतो’ असं सांगणारा फसवणूकच करत असतो.

राहायला गेल्यापासून 14 दिवसांत पत्त्याची नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग, करायची असते. पासपोर्ट, भरलेला अर्ज आणि घरमालकाने सही केलेलं राहण्याचं प्रमाणपत्र लागतं. नुसता भाडेकरार चालत नाही. मोठ्या शहरांत भेटीची वेळ लवकर मिळत नाही. रोज सकाळी संकेतस्थळ पाहावं, आणि बर्लिनसारख्या शहरात कोणत्याही भागातल्या कार्यालयात मिळेल ती वेळ घ्यावी. वेळ उशिराची मिळाली तर बुकिंगची पावती जपून ठेवावी. ‘इथे राहा, पण नोंदणी करता येणार नाही’ असं म्हणणाऱ्याची खोली कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये. नोंदणीशिवाय निवास परवान्याचं काम पुढे सरकत नाही.

नोंदणी झाली की काही आठवड्यांत रेडिओ-टीव्ही शुल्काचं पत्र येतं: दरमहा 18.36 युरो, टीव्ही नसला तरीही. हे शुल्क घरामागे एकच असतं. सामायिक घरात आधीपासून कुणी भरत असेल, तर त्याचा शुल्क क्रमांक कळवायचा आणि आपला वाटा त्याला द्यायचा. पत्राकडे दुर्लक्ष केलं की थकबाकी मागच्या तारखेपासून साचत जाते.

आरोग्य विम्याचा निर्णय एकदाच होतो. तीस वर्षांखालच्या विद्यार्थ्याला सार्वजनिक विमा मिळतो, हप्ता महिना दीडशे युरोंच्या आसपास असतो. स्वस्त खाजगी विम्याच्या मोहात पडून सार्वजनिक विम्यातून सूट घेतली, तर तो अभ्यासक्रम संपेपर्यंत परत येता येत नाही. याच्या जोडीला व्यक्तिगत दायित्वाचा विमा, हाफ्टफ्लिश्ट, जरूर घ्या. तो महिन्याला काही युरोंत मिळतो. वसतिगृहाची किल्ली हरवली तर कधी कधी अख्ख्या इमारतीची कुलुपं बदलण्याचा खर्च अंगावर येतो. विमा घेताना त्यात किल्ल्यांचा समावेश आहे का, ते आधी पाहा.

आणखी एक, कारण यात आपली मुलं हमखास सापडतात: टॉरेंटवरून सिनेमा उतरवू नये. टॉरेंटमध्ये फाइल उतरत असतानाच ती पुढे वाटलीही जाते, आणि हक्कधारकांचे वकील इंटरनेट जोडणीवरून घर शोधून शेकडो युरोंची नोटीस पाठवतात. जोडणी घरमालकाच्या नावावर असेल तर नोटीस त्याच्याकडे जाते, आणि खोलीही धोक्यात येते.

स्वयंपाकघरात

भारतातून नेलेला अ‍ॅल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर तापतच नाही. वसतिगृहांत बऱ्याचदा काचेची विजेची शेगडी असते, तिच्यावर तो चालतो, पण बूड सपाट हवं. तीन लिटरचा, इंडक्शनचं बूड असलेला स्टीलचा कुकर दोन्हीकडे चालतो. सोबत एक जादा रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्ह द्या, तिथे ते सहज मिळत नाहीत. काचेची शेगडी बंद केल्यावरही बराच वेळ गरम राहते, म्हणून भात झाला की कुकर बाजूला काढायचा, नाहीतर तळ लागतो. मिक्सरला अडचण नाही, व्होल्टेज आपल्यासारखंच 230 आहे. फक्त तीन पिनांच्या प्लगला चांगला अ‍ॅडॉप्टर हवा. रात्री दहानंतर आणि रविवारी मात्र मिक्सर लावू नये. शेजाऱ्यांच्या शांततेचे नियम तिथे काटेकोर पाळले जातात, आणि तक्रार थेट घरमालकाकडे जाते.

फोडणीचं तंत्र बदलावं लागतं. खोल्यांत आणि मार्गिकांत धूरसूचक यंत्र असतं, आणि अनेक वसतिगृहांत ते अग्निशमन दलाशी जोडलेलं असतं. तेल धुरावेपर्यंत तापवून मोहरी टाकली की धूर होतो. मग मुलं घाबरून मार्गिकेचं दार उघडतात, धूर बाहेरच्या यंत्रापर्यंत जातो आणि सगळी इमारत खाली उतरते. बंबाचं बिलही येऊ शकतं. आधी खिडकी पूर्ण उघडायची, दार बंद ठेवायचं, तेल मध्यम आचेवर तापवायचं, एक मोहरी टाकून ती तडतडते का पाहायचं, मग उरलेली टाकून लगेच झाकण ठेवायचं. लाल मिरची शेवटी, आच बंद केल्यावर. स्वयंपाकानंतर आणि एरवीही दिवसातून दोन-तीनदा खिडकी पाच-दहा मिनिटं सताड उघडावी. हिवाळ्यात ती दिवसभर किलकिली ठेवली तर भिंत गार पडते, बुरशी धरते, आणि घर सोडताना अनामतीतून पैसे कापले जातात.

पोळीसाठी 405 क्रमांकाचं पीठ आणू नका, तो मैदा आहे. 1050 क्रमांकाचं गव्हाचं पीठ आपल्या कणकेच्या जवळ जातं. पाकिटावर ‘वाइत्सेन’ असेल तर गहू, ‘रॉगन’ असेल तर राय. रायच्या पिठाच्या पोळ्या लाटता येत नाहीत. मसूर डाळ साध्या सुपरमार्केटातही मिळते. कोथिंबिरीची भरगच्च जुडी आणि मोठ्या पिशवीतला तांदूळ तुर्की दुकानात स्वस्त पडतो. चक्क्याऐवजी 40 टक्के स्निग्धांशाचं क्वार्क, म्हणजे तिथलं मऊ ताजं चीज, उत्तम. अर्धा किलो क्वार्क फडक्यात दोन तास टांगून दीडशे ग्रॅम पिठीसाखर आणि केशर घातलं, की दसऱ्याचं श्रीखंड होतं. दुकानं रविवारी बंद असतात. शनिवारी खरेदी राहिली तर मोठ्या रेल्वे स्थानकातल्या महागड्या दुकानाशिवाय गत्यंतर नाही.

घरून काय पाठवावं? युरोपीय संघाबाहेरून प्रवाशाच्या सामानात मांस आणि दुग्धपदार्थ नेता येत नाहीत. तूप, पेढे, खवा, बर्फी या सगळ्यावर बंदी आहे. ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता यांना वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. त्यातून सुटतात ती अननस, केळी, नारळ, खजूर आणि ड्युरियन एवढीच फळं. म्हणजे हापूसची पेटी नको, नारळ चालेल. चकली, शेव, चिवडा, गोडा मसाला, मेतकूट निर्धास्त द्या. औषधं तीन महिन्यांपुरती, इंग्रजी चिठ्ठीसह आणि मूळ वेष्टनातच द्या. दिवाळीचं पार्सल टपालाने पाठवायचं असेल तर भेटवस्तूची किंमत 45 युरोंच्या आत ठेवा, म्हणजे कर लागत नाही. आतल्या वस्तूंची यादी खरी आणि तपशीलवार लिहा. नुसतं ‘खाद्यपदार्थ’ लिहिलेला डबा सीमाशुल्क कार्यालयात पडून राहतो.

नोकरीबद्दल थोडक्यात. वर्षाला 140 पूर्ण दिवस किंवा 280 अर्धे दिवस काम करता येतं, आणि किमान वेतन 2026 पासून तासाला 13.90 युरो आहे. फ्रीलान्स काम मात्र विद्यार्थी परवान्यावर परवानगीशिवाय करता येत नाही, मग ते भारतातल्या ओळखीच्या कंपनीसाठी असलं तरी.

फिरायला निघताना

जर्मन निवास परवाना किंवा राष्ट्रीय डी व्हिसा चालू असेल तर शेंगेन क्षेत्रातल्या इतर देशांत 180 दिवसांत 90 दिवस फिरता येतं. स्वित्झर्लंड यात आहे, क्रोएशिया 2023 पासून आहे, रोमानिया आणि बल्गेरिया जानेवारी 2025 पासून पूर्णपणे आले. ब्रिटन आणि आयर्लंड नाहीत, त्यांचे व्हिसे वेगळे. पासपोर्ट आणि परवान्याचं कार्ड दोन्ही मूळ स्वरूपात जवळ हवीत. जर्मनीने सप्टेंबर 2024 मध्ये सगळ्या भू-सीमांवर तपासणी पुन्हा सुरू केली, त्यामुळे प्राग किंवा स्ट्रासबुर्गहून परतताना बसमध्ये पोलीस चढतात. मोबाइलमधला फोटो तिथे चालत नाही.

सगळ्यांत जास्त जपायचा तो व्हिसा संपून नवं कार्ड येईपर्यंतचा काळ. व्हिसा संपायच्या आत अर्ज केला असला, तर कार्यालय फिक्शन्सबेशाइनिगुंग नावाचं तात्पुरतं पत्र देतं. त्यावर जर्मन निवास कायद्याच्या कलम 81 च्या पोटकलम 4 पुढे खूण असेल तर भारतात जाऊन जर्मनीत परत येता येतं. पोटकलम 3 पुढे असेल तर परत येता येत नाही. खूण कुठे आहे हे पाहिल्याशिवाय डिसेंबरचं तिकीट काढू नका. पोटकलम 4 असलं तरी विमान थेट जर्मनीचंच घ्या, कारण दुसऱ्या देशातल्या काउंटरवर हे पत्र ओळखीचं नसतं आणि प्रवाशाला अडवलं जातं. अर्ज व्हिसा संपण्याच्या दोन-तीन महिने आधी करा, म्हणजे हा काळच आखडतो. भारतात मुक्काम लांबवणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं, की सलग सहा महिन्यांहून जास्त काळ जर्मनीबाहेर राहिलं तर परवाना आपोआप रद्द होतो.

देशातल्या देशात डॉइचलांडटिकट, म्हणजे जर्मनीभर चालणारं मासिक तिकीट, सोयीचं. 2026 मध्ये ते महिना 63 युरोंना आहे, पण बहुतेक विद्यापीठांत सत्र शुल्कातूनच ते 60 टक्के दरात मिळतं. लोकल, मेट्रो, ट्राम, बस आणि प्रादेशिक गाड्या त्यात येतात, अगदी ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गपर्यंत. लाल पट्टा असलेल्या लांब पल्ल्याच्या आयसीई आणि आयसी गाड्यांत ते चालत नाही. त्यात चुकून चढलं, तर पूर्ण भाडं भरावं लागतं. तिकीट मोबाइलमध्ये असतं, त्यामुळे बॅटरी संपली की तिकीट नाही असंच धरतात आणि 60 युरो दंड होतो.

लांब पल्ल्याचं स्वस्त तिकीट ठरावीक गाडीलाच बांधलेलं असतं. पोहोचायला 20 मिनिटांहून जास्त उशीर होणार असं दिसलं, तर ते बंधन सुटतं आणि पुढची कोणतीही गाडी घेता येते. तासाभराच्या उशिराला भाड्याच्या 25 टक्के, दोन तासांच्या उशिराला 50 टक्के परत मिळतात. अर्ज तीन महिन्यांत करायचा. हा लाभ एकाच तिकिटावरच्या प्रवासाला आहे. गाडी आणि विमानाची तिकिटं वेगळी काढली आणि गाडीच्या उशिरामुळे विमान चुकलं, तर विमानाचे पैसे गेलेच. म्हणून विमानतळावर वेळेत पोहोचवणाऱ्या गाडीच्या आधीची गाडी धरा.

स्वस्त विमानांत तिकिटाच्या दरापेक्षा विमानतळ कुठे आहे ते आधी पाहा. फ्रँकफुर्ट-हान विमानतळ फ्रँकफुर्टपासून सुमारे 120 किलोमीटर आहे, पॅरिस-बोव्हे पॅरिसपासून सुमारे 85. बसभाडं धरलं की बचत उरत नाही. बॅगेचं माप चाकं आणि मूठ धरून मोजा. विमानाला तीन तासांहून जास्त उशीर झाला आणि कारण हवामानासारखं कंपनीच्या हाताबाहेरचं नसेल, तर अंतरानुसार 250 ते 600 युरो भरपाई मिळते. युरोपातून निघणाऱ्या प्रत्येक विमानाला हा नियम आहे. फ्रँकफुर्ट-मुंबई प्रवास भारतीय कंपनीचा असला तरी भरपाई मागता येते. मुंबई-फ्रँकफुर्टला मात्र कंपनी युरोपीय असावी लागते.

इटलीत प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट फलाटावरच्या यंत्रात छापून घेतलं नाही, तर तिकीट असूनही दंड होतो. स्वित्झर्लंडमध्ये युरोपीय संघाचा मोफत रोमिंगचा नियम लागू नाही. सीमा ओलांडण्याआधी मोबाइल डेटा बंद करा.

पासपोर्ट चोरीला गेलाच, तर आधी जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार करून तिची प्रत घ्यायची, मग त्या देशातला भारतीय दूतावास गाठायचा. परवान्याचं कार्डही गेलं असेल तर जर्मनीतल्या परदेशी नागरिक कार्यालयाला त्याच दिवशी ईमेलने कळवायचं. बँक कार्ड बंद करायचा जर्मन क्रमांक 116 116, आणि युरोपीय संघात कुठेही आणीबाणीसाठी 112. पासपोर्ट, व्हिसा, परवाना आणि विमा यांच्या स्पष्ट प्रती मुलाच्या ईमेलमध्ये असाव्यात, आणि एक संच घरीही. उन्हाळ्यात तिथली घड्याळं भारताच्या साडेतीन तास मागे असतात, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून साडेचार. मुलाने तिथल्या सकाळी आठला प्रती मागितल्या, तेव्हा घरी दुपारचे साडेअकरा किंवा साडेबारा वाजलेले असतात. त्या वेळी फोन उचलून प्रती पाठवू शकेल अशा एका माणसाचं नाव आधीच ठरवून ठेवा.