डोंगर नसलेल्या मुलखात डोंगरभटक्याने काय करावे?

प्रश्न : मी मूळचा साताऱ्याचा, वय ४१. लहानपणापासून सह्याद्रीत हिंडलो. गेली ११ वर्षे अमेरिकेत अटलांटाजवळ राहतो आणि महिन्यातले दोन शनिवार-रविवार तरी उत्तर जॉर्जियाच्या डोंगरांत, ब्लड माउंटन आणि स्प्रिंगर माउंटनच्या परिसरात काढतो. झाडांना झुला बांधून रानात मुक्काम करतो, ओढ्यांवर गळ टाकून मासे धरतो. आता नोकरीनिमित्त ऑक्टोबरअखेरीस पत्नी आणि नऊ वर्षांच्या मुलासह नॉर्थ डकोटातील फार्गो येथे कायमचे जायचे आहे. नकाशावर पाहिले तर चहूकडे एकही डोंगर दिसत नाही. तिथे माझ्यासारख्याने करायचे काय? थंडीला किती भ्यायचे? सामानातले काय न्यावे आणि काय ठेवून जावे?
— एक वाचक, अटलांटा

उत्तर : आपले पत्र वाचताना माझाच पहिला हिवाळा आठवला. फार्गोच्या परिसरात मी १४ हिवाळे काढले आहेत आणि तिथे जाताना माझ्याही मनात हाच प्रश्न होता. डोंगर शोधायला गेलात तर निराश व्हाल, हे आधीच सांगतो. नॉर्थ डकोटातील सर्वांत उंच जागा, व्हाइट ब्यूट, सुमारे १,०६९ मीटरची आहे आणि तीही राज्याच्या पार नैर्ऋत्य कोपऱ्यात. फार्गो शहर ज्या रेड नदीच्या खोऱ्यात वसले आहे, ते खोरे नावापुरतेच खोरे. हिमयुगाच्या अखेरीस तिथे अगासी नावाने ओळखला जाणारा अवाढव्य तलाव होता आणि आजची शेतजमीन म्हणजे त्या तलावाचा गाळाने भरलेला तळ. तिथल्या नदीला उतार मैलाला काही इंचांचाच आहे. ती उत्तरेकडे वाहते. वसंतात दक्षिणेकडचा बर्फ आधी वितळतो आणि उत्तरेकडचे पात्र अजून गोठलेलेच असते, म्हणून पाणी तुंबून आजूबाजूला पसरते. १९९७ आणि २००९ चे पूर तिथले लोक अजून विसरलेले नाहीत.

मात्र हा सपाट मुलूख वाचायला शिकावे लागते आणि आपल्यासारख्याला ते जमेल. डोंगरात आपण चढ, धार, खिंड, सोंड पाहून वाट ठरवतो; इथे तीच नजर वाऱ्याकडे लावायची. फार्गोच्या पूर्वेला २०-२५ किलोमीटरवर, मिनेसोटाच्या हद्दीत, बफेलो रिव्हर स्टेट पार्क आहे. तिथे जाताना रस्ता किंचित वर चढतो. गाडीतून लक्षातही येणार नाही, पण पायी चाललात तर पोटऱ्यांना कळते. तो चढ म्हणजे त्या जुन्या तलावाचा किनारा, लाटांनी रचलेला वाळूचा बांध. तिथे उभे राहून पश्चिमेकडे पाहिले की हजारो वर्षांपूर्वी आटलेल्या पाण्याची कड आपल्या पायाखाली आहे, हे उमजते. मला तिथली भूमी आवडू लागली ती त्या जागेपासून.

त्याला लागूनच ब्लूस्टेम प्रेअरी हे राखीव माळरान आहे. मिनेसोटात एके काळी अफाट पसरलेल्या उंच गवताच्या माळांपैकी शेकडा दोन टक्केही आता उरलेले नाहीत. त्यातला हा एक चांगला तुकडा. एप्रिलच्या पहाटे इथे प्रेअरी चिकन नावाचे पक्षी जमतात आणि नर गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या नारिंगी पिशव्या फुगवून घुमतात. आपण साताऱ्याचे, म्हणजे कासचे पठार आपल्याला सांगायला नको. लांबून उजाड दिसणारी जागा गुडघे टेकून पाहिली की काय काय दाखवते, हे आपल्याला ठाऊकच आहे. फार्गोच्या नैर्ऋत्येला शेयेन नॅशनल ग्रासलँड हे सुमारे २८ हजार हेक्टरचे गवताळ रान आहे. तिथे वाळूच्या टेकड्या आहेत, ओकची झाडी आहे आणि जुलैच्या सुमारास पांढरे झालरदार ऑर्किडही फुलते. नॉर्थ कंट्री ट्रेलचा सुमारे ४८ किलोमीटरचा पट्टा याच रानातून जातो. स्प्रिंगर माउंटनवरून निघणाऱ्या अपालाचियन ट्रेलची आपल्याला सवय आहे; ती वाट सुमारे ३,५०० किलोमीटरची, तर नॉर्थ डकोटा ते व्हर्मांट जाणारी ही वाट त्याच्या दुपटीहून लांब. खरे कडे-कपारी पाहण्याची हौस अनावर झाली तर राज्याच्या पश्चिम टोकाला, गाडीने पाचेक तासांवर, थिओडोर रूझवेल्ट नॅशनल पार्कचा भेगाळलेला, रंगीत मातीचा प्रदेश आहे. तिथे तीन-चार दिवस काढून जावे.

आता थंडीविषयी. अटलांटात जानेवारीच्या रात्री पारा शून्याच्या जरा वरच राहतो. फार्गोत त्या महिन्याचे सरासरी किमान तापमान उणे १८ अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि उणे ३० च्या काही रात्री बहुतेक हिवाळ्यांत येतात. पण नुसत्या आकड्याला भिऊ नका. घात करतो तो वारा, कारण त्याला अडवायला काही नसते. उणे १८ अंशांत ताशी २४ किलोमीटरचा वारा असेल, तर उघड्या त्वचेला ती थंडी उणे २८ सारखी लागते आणि सुमारे अर्ध्या तासात हिमदंश होऊ शकतो. पहिल्या डिसेंबरात मी बफेलो नदीच्या काठाने वाऱ्याकडे पाठ करून निघालो. अंगात ऊब होती, चाल छान लागली होती, तासाभराने मागे वळलो आणि श्वासच कोंडला. पापण्यांवर बर्फ धरला, आणि गाडीपाशी पोहोचून आरशात पाहिले तेव्हा डाव्या गालावर रुपयाएवढा पांढराफटक डाग उमटला होता. हाताची ऊब देऊन तो गेला, पण त्या जागेला आजही थंडी आधी लागते. तेव्हापासूनचा माझा नियम असा : निघताना वाऱ्याला तोंड द्यायचे, म्हणजे परतताना, थकलेले असताना, तो पाठीशी असतो. मुलाबरोबर असताना तर हा नियम कधीच मोडू नका, आणि दर वीस मिनिटांनी त्याचे गाल, नाक आणि कानाची पाळी स्वतः पाहा. मुले खेळाच्या भरात बोटे बधिर झाल्याचे सांगत नाहीत.

सामानापैकी झुला जॉर्जियातच कुणाला देऊन टाका, असे मी म्हणणार नाही, कारण मिनेसोटाच्या जंगलात उन्हाळ्यात तो उपयोगी पडेल. पण माळावर तो बांधायला झाडच मिळणार नाही. तिथे बुटका तंबू आणि लांब खुंट्या हव्यात. सुती कपडे हिवाळ्यात अंगाला लावू नका. घामाने ओले झालेले सूत वाळत नाही आणि अंगातली ऊब शोषून घेते. आत पातळ लोकर, मध्ये जाड थर, वर वारा रोखणारे कापड, आणि चालायला लागण्यापूर्वीच एक थर उतरवायचा, म्हणजे घाम येत नाही. बोटांच्या हातमोज्यांपेक्षा चारही बोटे एकत्र राहणारे मोजे कितीतरी उबदार असतात. पाण्याची बाटली पिशवीत उलटी ठेवा. बर्फ वरून धरतो, त्यामुळे झाकणाकडचे पाणी वाहते राहते. गॅसच्या डब्यातले ब्यूटेन शून्याच्या जवळ आले की वाफ होणे थांबते, म्हणून द्रव इंधनाचा स्टोव्ह घ्या. मोबाइल आतल्या खिशात, अंगाशी ठेवा, नाहीतर बॅटरी अचानक बंद पडते.

गाडीकडेही तितकेच लक्ष हवे. इंजिन गरम ठेवणारा हीटर बसवून घ्या. गाडीत फावडे, ब्लँकेट, मेणबत्त्या, काडेपेटी आणि खाण्याचे पदार्थ नोव्हेंबर ते एप्रिल ठेवा. आकाश निरभ्र असतानाही जमिनीवरचा भुरभुरीत बर्फ वाऱ्याने उठतो आणि समोरचे काही दिसत नाही; अशा वेळी महामार्गाची फाटके लावून वाहतूक बंद करतात. गाडी अडकली तर तिच्यातच थांबा, धुराचा नळ बर्फातून मोकळा करा आणि खिडकी बोटभर उघडी ठेवा. मदत शोधायला पायी निघालेली माणसे अशा वादळात हरवतात.

आपण मासे धरता हे वाचून मला सर्वांत आनंद झाला, कारण तिथला हिवाळा सोसण्याचे नव्हे, तर आवडण्याचे कारण मला गोठलेल्या तलावांनी दिले. मिनेसोटात दहा एकरांहून मोठे ११,८४२ तलाव आहेत आणि त्यांतले पुष्कळसे फार्गोहून तास-दीड तासाच्या अंतरात आहेत. बर्फाला गिरमिटाने भोक पाडायचे, झाऱ्याने त्यातला चुरा काढायचा, हातभर लांबीची काठी घेऊन वॉलाय किंवा पर्च माशाची वाट पाहत बसायचे. पायी जाण्यासाठी निदान १० सेंटीमीटर जाडीचा, नितळ, काळसर दिसणारा बर्फ हवा. पांढरा, हवेच्या बुडबुड्यांचा बर्फ निम्म्या ताकदीचा असतो, म्हणून त्याची जाडी दुप्पट पाहिजे. ओढा जिथे तलावाला मिळतो तिथे, पुलाखाली आणि झऱ्याशेजारी तो नेहमी पातळ असतो. बर्फावर गाडी नेण्याचा विचार पहिल्या वर्षी मनातही आणू नका, गळ्यात बर्फात रोवायच्या खिळ्यांची जोडी घाला आणि स्थानिक माणसाबरोबरच जा. मासेमारीच्या साहित्याच्या दुकानात चौकशी केलीत तर सोबत मिळते. हे लोक थोडे बोलतात, पण मदतीला कधी नाही म्हणत नाहीत.

ऑक्टोबरअखेरीस पोहोचणार आहात, ते उत्तमच. जानेवारीत आलेला माणूस घरात कोंडून घेतो; आपल्याला थंडीची सवय पायरीपायरीने होईल. सामान उघडायच्या आधी, पहिल्याच शनिवारी, तिघेही त्या वाळूच्या बांधावर जाऊन या. तलाव गोठल्यावर एका संध्याकाळी मुलाला बर्फावर घेऊन उभे राहा आणि थोडा वेळ बोलू नका. थंडी वाढत गेली की बर्फ आक्रसतो, खालून लांबलचक, घुमणारा आवाज एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे जातो. पहिल्यांदा तो घाबरेल. जाडी मोजून ठेवली असेल तर तो आवाज धोक्याचा नाही, हे त्याला आपण सांगायचे आहे.