डॉक सॅव्हेज: सुरुवात कुठून करायची?
अरे, डॉक सॅव्हेज म्हणजे जुन्या अमेरिकन कथा-मासिकातला साहसी नायक. त्या मासिकाच्या १८१ अंकांची यादी बघून दडपून जाऊ नकोस, सगळे वाचायचे नसतातच. मार्च १९३३ च्या पहिल्या अंकातली 'द मॅन ऑफ ब्राँझ' घे. ८६ व्या मजल्यावरचं ऑफिस, पाच साथीदार, त्यातल्या मंक आणि हॅमची सततची खडाजंगी, सगळं तिथेच भेटतं. आवडली तर त्याच दशकातल्या अजून दोन-तीन वाच, पण सलग नको! मासिकाच्या हिशेबाने लिहिलेल्या कथा आहेत. लागोपाठ वाचल्यास की साचा उघडा पडतो.

नवे वाचक हमखास फसतात ते इथे:

- १९६४ पासून बॅन्टम प्रकाशनाने काढलेल्या पेपरबॅकवरचे क्रमांक म्हणजे मासिकाचा मूळ क्रम नव्हे.
- 'केनेथ रोबसन' हे प्रकाशकाचं सामाईक टोपणनाव. बहुतेक कथा लेस्टर डेंटच्या.
- १९७५ चा सिनेमा आधी बघणं. चेष्टेच्या सुरात काढलाय, मूळ रंग समजणार नाही.

जुने अंक विकत घ्यायची घाई तर अजिबात नको. लगद्याचा स्वस्त कागद तो, पान उलटताना कोपरा हातात येतो. त्यापेक्षा चित्रकार जेम्स बामाच्या मुखपृष्ठाची पेपरबॅक शोध. फाटक्या शर्टातला तो डॉक बघितलास की पुढचं सांगावं लागणार नाही. संग्राहकांचे वाद नंतर बघू.