वाचकांचे प्रश्न : रमाबाईंची मालिका आणि रमाबाईंचे पुस्तक

प्रश्न : ‘उंच माझा झोका’ ही रमाबाई रानडे यांच्या जीवनावरची मालिका आम्ही नुकतीच पुन्हा पाहिली. पाटीवर अक्षरे गिरवून घेणारा नवरा आणि त्यासाठी सुनेला छळणाऱ्या घरातल्या बायका, यात खरे किती आणि रचलेले किती? सातवीतल्या नातीला मूळ पुस्तक वाचायला द्यावे का?
— एक आजी, इस्लामपूर

उत्तर : पाटीचा प्रसंग रचलेला नाही. देवराष्ट्र्याच्या कुर्लेकरांची ही मुलगी १८७३ साली न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या घरी आली, तेव्हा ती ११ वर्षांची होती, रानडे ३१ वर्षांचे विधुर होते आणि तिला अक्षरओळखही नव्हती. रानड्यांनी विधवेशी विवाह करावा अशी सुधारक मित्रांची अपेक्षा होती. वडिलांच्या शब्दापुढे त्यांना नमावे लागले आणि लग्न होताच त्यांनी या मुलीचे शिक्षण स्वतः हाती घेतले. हे सारे रमाबाईंनीच ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या १९१० साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात सांगितले आहे. झी मराठीवर २०१२-१३ मध्ये तेजश्री वालावलकर आणि स्पृहा जोशी यांनी उभी केलेली रमा याच पुस्तकातून आली.

घरातल्या बायकांविषयी मात्र थोडे सबुरीने बोलावे, असे मला वाटते. विरोध होता आणि तो बोचरा होता. पुण्यात मुलींचे हायस्कूल व्हावे यासाठी रमाबाईंनी भर सभेत इंग्रजीतून निवेदन वाचले, तेव्हा घरी परतल्यावर त्यांना टोमणेच ऐकावे लागले. परंतु रोज मालिका पाहणाऱ्याला कुणीतरी खलनायिका लागते, तशी या पुस्तकात एकही नाही. ज्यांचा सगळा मान सोवळ्याओवळ्यावर आणि घरच्या रीतीवर उभा होता, त्या बायकांना सुनेचे पुस्तक म्हणजे आपल्या पायाखालची जमीन सरकणे वाटले असणार, आणि रमाबाईंच्या लेखणीत त्यांच्याविषयी कडवटपणा उतरलेला नाही.

खरी अडचण निराळी आहे. पुस्तकाच्या नावातला ‘आमच्या’ हा शब्द पाहा. कोलकात्याच्या मुक्कामात दारात बंगाली वर्तमानपत्र विकायला येते, आपल्याला ही भाषा येत नाही म्हणून रमाबाई ते नको म्हणतात, आणि रानडे बंगाली शिकायला बसतात ते इतक्या निष्ठेने की दाढी करायला आलेल्या न्हाव्यालाही मोठ्याने वाचून दाखवतात व तो चुका सुधारतो. हा प्रसंग वाचताना न्हावी, वस्तरा आणि रानडे डोळ्यांपुढे उभे राहतात. पुढे रमाबाई स्वतः बंगाली वाचू लागल्या, ही गोष्ट मात्र त्या ओघात येऊन जाते. स्वतःला मागे ठेवण्याची ही त्यांची रीतच आहे, आणि १९०१ साली रानड्यांच्या निधनाशी पुस्तक थांबते तेही त्याच रीतीने.

त्यापुढची तेवीस वर्षे पुस्तकात नाहीत, आणि माझ्या मते त्यांचे सर्वांत मोठे काम त्याच वर्षांतले आहे. १९०८ मध्ये मुंबईच्या सेवासदन या स्त्रियांसाठीच्या संस्थेचे अध्यक्षपद, १९०९ मध्ये पुण्याचे सेवासदन, तिथे विधवा आणि परित्यक्तांना शिक्षण देऊन परिचारिका व शिक्षिका म्हणून पायावर उभे करणे, येरवड्याच्या तुरुंगातील स्त्री कैद्यांना भेटणे, पुण्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणातून मुलींना वगळू नये म्हणून चळवळ करणे, असा तो काळ आहे. १९२४ मध्ये त्या गेल्या.

म्हणून नातीला पुस्तक अवश्य द्यावे. भाषा जुनी असली तरी घरगुती आहे. प्रारंभीची काही पाने आपण तिच्याजवळ बसून मोठ्याने वाचलीत, की पुढे तिची ती वाचील. शेवटच्या पानावर मात्र तिला थांबू देऊ नका. १९०१ नंतरचे आपण तोंडी सांगा, आणि पुण्यास येणे झाले तर लक्ष्मी रस्त्यावरील सेवासदन तिला दाखवून आणा.