वर्णद्वेषाचा आरोप झाला तर पंचाने काय करावं?

तुमचा प्रसंग वाचला. इंग्लंडमधल्या शनिवारच्या लीगमध्ये पाकिस्तानी वंशाच्या संघाचे दोन फलंदाज तुम्ही पायचीत दिलेत, समोरच्यांविरुद्धचं त्यांचं तसंच अपील फेटाळलंत, आणि त्यांचा कर्णधार सर्वांदेखत म्हणाला, "आम्ही पाकिस्तानी म्हणूनच." आता लीगने तुमच्याकडून अहवाल मागवला आहे. बरीच वर्षं पंचगिरी करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अहवालात "मी तसा माणूस नाही" हे वाक्य लिहू नका. तक्रार तीन निर्णयांची आहे, तेव्हा उत्तरही त्या तिन्हींचंच द्या. टप्पा कुठे पडला, पॅडला कुठे लागला, फटका मारायचा प्रयत्न होता का, चेंडू यष्टींवर जात होता का, हे षटकासकट लिहा. फेटाळलेल्या अपिलाचं कारणही तितकंच स्पष्ट हवं. सहपंचाला त्याचा अहवाल स्वतंत्र लिहू द्या. दोघांचा मजकूर जुळवलेला दिसला की चौकशीत त्याला किंमत उरत नाही. कर्णधाराने मैदानावर हुज्जत घातली असेल तर ती वेगळी कळवा. दोन्ही गोष्टी एकत्र केल्यात, तर त्याने तक्रार केली म्हणून तुम्ही शिक्षा मागताय असा अर्थ निघेल.

दुसरी गोष्ट कानाला कडू लागेल. आरोप खोटाच आहे असं आधीच ठरवून टाकू नका. अमेरिकेत एनबीए बास्केटबॉलच्या १९९१ ते २००४ या काळातल्या सामन्यांचा अभ्यास झाला. पंच आपल्या वर्णाचे नसले की खेळाडूंवर थोडे जास्त फाउल दिले जातात, असं त्यात दिसलं. हे पंच व्यावसायिक होते, त्यांच्या कामावर सतत देखरेख होती, आणि तरीही हे घडलं. २००७ मध्ये त्या अभ्यासाची मोठी बातमी झाली, आणि नंतरच्या हंगामांत हा फरक उरला नाही. म्हणून आपले पायचीतचे निर्णय संघवार वहीत टिपून ठेवा आणि हंगामाच्या शेवटी पंच संघटनेतल्या एखाद्या ज्येष्ठाला दाखवा.

२००६ ची ओव्हल कसोटी आठवा. पंच डॅरेल हेअर आणि बिली डॉक्ट्रोव्ह यांनी चेंडू कुरतडल्याबद्दल पाकिस्तानला पाच धावांचा दंड केला. चहापानानंतर पाकिस्तानचा संघ वेळेवर मैदानात आला नाही आणि सामना इंग्लंडला बहाल झाला. पुढे सामनाधिकारी रंजन मदुगले यांनी पुराव्याअभावी पाकिस्तानचा कर्णधार इंझमामला चेंडू कुरतडल्याच्या आरोपातून मुक्त केलं. हेअर यांनी पाच लाख डॉलरच्या बदल्यात पंचगिरी सोडण्याची तयारी मेलवर कळवली होती. ते मेल उघड झालं आणि चर्चा चेंडूवरून त्यांच्यावरच येऊन ठेपली. म्हणून सांगतो, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, फेसबुकवर, रागाच्या भरात एक ओळही लिहू नका.

तुम्ही भारतीय म्हणून ते कधीच विश्वास ठेवणार नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. ते मला पटत नाही. घरचे पंच झुकतं माप देतात ही कुजबुज थांबावी म्हणून १९८६ मध्ये पाकिस्ताननेच वेस्ट इंडीजविरुद्धच्या लाहोर कसोटीला दोन भारतीय पंच बोलावले होते: व्ही. के. रामस्वामी आणि आपल्या मुंबईचे पिलू रिपोर्टर.

चौकशी संपेपर्यंत लीगने त्या संघाचे सामने तुम्हाला दिले नाहीत तर तक्रार करू नका. स्वतःहून मात्र ते टाळू नका. पुन्हा त्यांचा सामना मिळाला तर नाणेफेकीला त्या कर्णधाराशी नेहमीसारखंच बोला, आणि त्याने निर्णयाचं कारण विचारलं तर षटक संपल्यावर एका वाक्यात सांगा.