सेल्फ फिरतो पण गाडी चालू होत नाही, मीटरमध्ये चावीचा लाईट ब्लिंक होत राहतो. मेकॅनिक म्हणतो ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) गेला. बदलू का?

नका बदलू. आधी घरातली दुसरी चावी शोधा, तिने सेल्फ मारून बघा, मग बाकीचं वाचा.

एवढं ठासून सांगतोय कारण २०१७ च्या मे महिन्यात ह्याच लाईटपायी माझे साडेसात हजार गेले आणि पुतणीची हळदही चुकली. आम्ही पाचोऱ्याचे, लग्न अमळनेरला. आदल्या दिवशी आमचा धाकटा साला आला, माझ्या चावीचं प्लास्टिक फुटलेलं होतं, मी रबरबँड लावून वापरायचो, ते बघून म्हणे "दाजी, एवढी चांगली गाडी अन् चावीची काय ही दशा, जळगावला चाललोच आहे, बटण दाबलं की पातं बाहेर येतं ना, तसली करून आणतो." मी नको म्हणालो होतो, हे इथे मुद्दाम लिहून ठेवतो. गाडी दारात, चावी मोटरसायकलवर जळगावला. संध्याकाळी आली, एकदम चकाचक.

पहाटे साडेपाचला रुखवताची खोकी डिकीत, बायका मागे बसलेल्या, सेल्फ मारला तर नुसतं घर्र घर्र. रिमोटने दरवाजे उघडत होते, सेल्फ जोरात फिरत होता म्हणजे बॅटरीही टकाटक, मग चावीवर संशय कोणाला येणार? गल्लीतल्या सहा जणांनी पार चौकापर्यंत धक्का मारला. येणारा जाणारा "काय व्हयनं भाऊ?" आणि साला बोनेट उघडून असा बघतोय जसं इंजिन त्यानेच बसवलंय. शेवटी निकाल दिला, इंधनाचा पंप गेला, कारण मागच्या सीटखालून पंपाचा आवाज येत नाही. गॅरेजवाल्याने त्यालाच मान डोलावली. घरचे सगळे खोकी मांडीवर घेऊन काळीपिवळीने गेले आणि मी गॅरेजच्या पत्र्याखाली घाम पुसत.

आवाज येणारच नव्हता हो! बऱ्याच गाड्यांमध्ये ईसीएमला चावी ओळखू आली नाही की तो पंप आणि इंजेक्टर चालूच करत नाही, चोराने पळवू नये म्हणून तर ते आहे. नवीन पंप बसवला, तरी तेच. मग "आता ईसीएमच असेल, वीसएक हजार धरून चाला." माझं डोकं तिथेच आउट झालं. नशीब की बाजूला एक म्हातारे वायरिंगवाले बसले होते. त्यांनी बोनेटकडे बघितलंही नाही, मीटरकडे बघितलं आणि विचारलं, "दुसरी चावी शे का, भाऊ?"

दुसरी चावी कपाटात एलआयसीच्या कागदांच्या पिशवीत. ती आणली, पहिल्या सेल्फला गाडी चालू.

मग त्यांनी जुनं कव्हर मागितलं. ते निघालं साल्याच्या मोटरसायकलच्या टूलबॉक्समध्ये. आतल्या कोपऱ्यात चिंचोक्याएवढी काळी वडी चिकटलेली. तीच चिप, जिच्यावरून गाडी चावी ओळखते. कव्हरवाल्याने रिमोटची प्लेट आणि सेल नव्या कव्हरमध्ये टाकला आणि ही तिथेच सोडली. काकांनी नवी चावी लावून ते फुटकं कव्हर इग्निशनच्या लॉकला टेकवून धरलं, गाडी चालू. रिमोट वेगळा, चिप वेगळी. चिपला सेल लागत नाही, लॉकभोवती जी रिंग असते तीच तिला करंट देते आणि तिचा नंबर वाचते, तोही दोन-चार सेंटीमीटरवरून. म्हणून लॉक-अनलॉक झकास होतं आणि इंजिन मात्र रुसून बसतं.

तुमचं म्हणाल तर, दुसऱ्या चावीने चालू झाली तर विषय संपला, पहिलीची चिप बघा. नाही झाली तर बॅटरीचे टर्मिनल, फ्यूज, स्टिअरिंगच्या कव्हरखालचं त्या रिंगचं कनेक्टर, आणि बिघाडाचा कोड दाखवणारा स्कॅनर लावायला सांगा, पी०५१३ सारखा कोड आला तर भांडण चावीचं आहे. जुडग्यात दुसऱ्या गाडीची चिपवाली चावी असेल तर ती काढून बघा, कधीकधी तीही आड येते. भंगारातला ईसीएम कोणी गळ्यात मारत असेल तर अजिबात घेऊ नका, त्यात दुसऱ्याच गाडीच्या चाव्यांचे नंबर असतात, मॅच केल्याशिवाय तुमची चावी तो पण ओळखणार नाही. आणि दुसरी चावीच नसेल तर आहे ती चालतेय तोवर बनवून घ्यायला हवी होती, आता खर्च वाढणार.

हां, एक राहिलं. चावी ऑन केल्यावर दोन-तीन सेकंदात लाईट विझत असेल तर माझं वरचं सगळं सोडा, तेव्हा खरंच पंप, सेन्सर, काहीही असू शकतं. बाहेरून सायरनवालं सेंट्रल लॉक बसवलं असेल तर त्याचे जोड आधी तपासा. बटण स्टार्ट असेल तर चावी बटणालाच टेकवून बघा. ईसीएम कधी जातच नाही असंही नाही, पण तो शेवटी.

साला आजही चारचौघांत म्हणतो की पंप तसाही जाणारच होता. जुना पंप मी माळ्यावर ठेवलाय, बॅटरीला लावला की अजून फिरतो. यंदा दिवाळीला येतोय तो.